क्रमांक दोनचं भ्रूण : न टोचता केलेल्या तपासणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अश्विनीताई ३७ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांचे मिस्टर प्रशांत ४१ वर्षांचे, ठिबकच्या सामानाचं दुकान आणि थोडी शेती. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं जोडपं. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. प्रकरण मांडायला दोघांची लेखी संमती आहे.

लग्नाला नऊ वर्षं झालेली. चौथ्या वर्षी आपसूक दिवस राहिले आणि आठव्या आठवड्यात ठोके थांबले. पुढे तीन वर्षं काहीच नाही. मग दुसऱ्या एका केंद्रात आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार केला, गर्भ राहिला आणि सातव्या आठवड्यात तोही गेला. दोन्ही वेळा क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं, भाग पडलं. दोन्ही वेळा निघालेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवला गेला नाही. फाइल उघडल्यावर मला पहिल्यांदा हेच खटकलं. तो अहवाल असता तर पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं हातात असती.

आमच्याकडे आल्यावर दोघांचं कॅरियोटायपिंग, म्हणजे रक्तातून गुणसूत्रांची तपासणी झाली, ती सामान्य आली. थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याच्या तपासण्या, गर्भाशयाची पिशवी, सगळं ठीक. वीर्य तपासणीही चांगली.

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये भ्रूणं वाढवणारी आणि सांभाळणारी. रुग्णांशी माझं बोलणं पाच-दहा मिनिटांचं, पण त्यांची भ्रूणं पाच-सहा दिवस माझ्या हाताखाली असतात. पहिल्या भेटीत अश्विनीताईंनी मला एकच गोष्ट विचारली, "मॅडम, मागच्या वेळी त्यांनी ए ग्रेड सांगितलं होतं. ए ग्रेड असून असं का झालं?"

अडचण नेमकी कुठे होती

ग्रेड म्हणजे दिसणं. पाचव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्ट होतं, म्हणजे आत पाण्याची पोकळी धरून फुगतं. १९९९ सालापासून डेव्हिड गार्डनर यांची पद्धत जगभर वापरतात. त्यात आकडा भ्रूण किती फुगलंय ते सांगतो, १ ते ६. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याचं, ज्यातून बाळ घडतं. दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं, ज्यातून वार तयार होते. अक्षरांत ए सगळ्यात चांगलं, मग बी, मग सी. ४एए म्हणजे पूर्ण फुगलेलं आणि दोन्ही बाजूंनी देखणं भ्रूण.

देखणं भ्रूण रुजायची शक्यता जास्त, हे खरंच आहे. पण पेशीच्या आत गुणसूत्रं बरोबर ४६ आहेत की चुकून ४७, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. आईचं वय तिशीच्या शेवटाला आलं की साधारण निम्मी ब्लास्टोसिस्ट गुणसूत्रांच्या हिशेबात चुकलेली असतात, आणि त्यांतली कितीतरी दिसायला अगदी सुरेख असतात. आठव्या आठवड्याच्या आत गर्भ जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

म्हणून प्रश्न दुहेरी होता. भ्रूणं मिळतील ती मोजकीच. त्यांतलं आधी कुठलं गर्भाशयात सोडायचं? आणि हे ठरवताना भ्रूणाला किती हात लावायचा?

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय म्हणजे नुसतं ग्रेडिंग आणि सोबत टाइम-लॅप्स. इनक्युबेटरमध्येच कॅमेरा असतो, दर काही मिनिटांनी फोटो निघतो, भ्रूण बाहेर काढावं लागत नाही. पेशी कधी आणि कशी विभागली याची फिल्म मिळते. एका पेशीच्या दोन होण्याऐवजी एकदम तीन झाल्या, तर ते भ्रूण मागे ठेवावं हे या फिल्ममुळेच शिकलो. एरवी तिसऱ्या दिवशी बघितलं तर ते इतरांसारखंच दिसतं. पण टाइम-लॅप्सने मूल होण्याचं प्रमाण वाढतं, असं म्हणता येत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये १,५७५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात टाइम-लॅप्सचा गट आणि नेहमीच्या पद्धतीचा गट यांच्यात जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक नव्हता, दोन्ही ३३ टक्क्यांच्या आसपास.

दुसरा पर्याय, त्या फिल्मवर किंवा फोटोवर कृत्रिम बुद्धिमत्तेने गुण द्यायचे. यानं आमचा वेळ वाचतो आणि दोन एम्ब्रियॉलॉजिस्टमधला मतभेद कमी होतो. पण त्याच वर्षी १४ केंद्रांतल्या १,०६६ रुग्णांचा अभ्यास नेचर मेडिसिनमध्ये आला. संगणकाने निवडलेल्या भ्रूणांत गर्भ राहण्याचं प्रमाण ४६.५ टक्के, माणसांनी निवडलेल्यांत ४८.२. संगणक माणसाच्या तोडीचा आहे एवढंही त्यातून सिद्ध झालं नाही. शिवाय अश्विनीताईंचा प्रश्न गुणसूत्रांचा होता, तो यातून थेट सुटत नव्हता.

तिसरा पर्याय बायोप्सीचा. लेझरने भ्रूणाच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, बाहेरच्या थरातून ५ ते १० पेशी काढायच्या, त्या तपासणीला पाठवायच्या आणि भ्रूण फ्रीझ करायचं. हातात सफाई असेल तर चांगलं भ्रूण हे सोसतं. मध्यम प्रतीच्या भ्रूणाला, ज्याचा बाहेरचा थर मुळातच विरळ आहे, त्यातून पेशी काढताना माझा हात आजही जड होतो. आणि बायोप्सीने सगळ्यांचाच फायदा होतो असंही नाही. चीनमधल्या १,२१२ स्त्रियांच्या अभ्यासात, २०२१ मध्ये, बायोप्सी केलेल्या गटात एकूण ७७.२ टक्के स्त्रियांना बाळ झालं आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्के स्त्रियांना. गर्भ गळण्याचं प्रमाण मात्र बायोप्सीच्या गटात कमी होतं. त्या स्त्रिया वयाने लहान होत्या, पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या होत्या. अश्विनीताई त्यांच्यातल्या नव्हत्या.

चौथा पर्याय, ज्यासाठी हे प्रकरण लिहितेय. भ्रूण ज्या द्रवाच्या थेंबात वाढतं, त्याला आम्ही मीडिया म्हणतो. वाढताना भ्रूण त्या थेंबात स्वतःच्या डीएनएचे तुकडे सोडतं. भ्रूण फ्रीझ केल्यावर उरलेला थेंब, जो एरवी आपण टाकून देतो, तोच तपासायचा. भ्रूणाला सुई नाही, लेझर नाही. ऐकायला याहून चांगलं काही नाही. पण डीएनए अगदी तुटपुंजा, तुकडे तुकडे झालेला, आणि त्यात आईच्या पेशींचा डीएनए मिसळायची भीती. २०२० मध्ये कार्मेन रुबिओ आणि सहकाऱ्यांनी ८ केंद्रांतली १,३०१ ब्लास्टोसिस्ट तपासली, तेव्हा थेंबाचा निकाल आणि बायोप्सीचा निकाल ७८.२ टक्के वेळा जुळला. म्हणजे शंभरात बावीस वेळा जुळला नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण प्रशांतनी तो बोलून दाखवला होता: सुई लागत नाही म्हणजे कायद्याचं बंधनही नाही. तसं नाही. थेंबातल्या डीएनएवरूनही लिंग कळतं, त्यामुळे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा इथेही पूर्णपणे लागू आहे. नोंदणीकृत ठिकाणीच तपासणी, संमतीपत्र, फॉर्म आणि अहवालात लिंगाचा रकाना झाकलेला. ३५ च्या पुढचं वय आणि दोन गर्भपात ही कारणं कायद्यातच नमूद आहेत, त्यामुळे तपासणीला आधार होता.

काय ठरलं

अश्विनीताईंचा कल पहिल्यापासून चौथ्या पर्यायाकडे होता. "आधीच दोन गेलेत. आता त्याला टोचायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो," असं त्या म्हणाल्या. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांना बायोप्सी बरी वाटत होती. चर्चा दोन भेटींत झाली आणि थेंबाची तपासणी करायचं ठरलं.

हा निर्णय पिकअपच्या, म्हणजे स्त्रीबीजं बाहेर काढण्याच्या आधीच घ्यावा लागतो. वीर्य चांगलं होतं, तरीही इक्सी करायचं ठरलं, म्हणजे प्रत्येक स्त्रीबीजात एकच शुक्राणू सोडायचा. नाहीतर कवचाला चिकटलेले बाकीचे शुक्राणू आणि स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी, सगळ्यांचा डीएनए थेंबात उतरतो.

जे ठरायला हवं होतं आणि ठरलं नाही ते असं: अहवाल नकोसा आला तर त्या भ्रूणाचं काय करायचं? संमतीपत्रात तपासणीच्या मर्यादा लिहिलेल्या होत्या, सह्या झाल्या होत्या. पण टेबलाच्या दोन बाजूंना बसून हा प्रश्न आम्ही कुणीच विचारला नाही.

लॅबमध्ये काय घडलं

पिकअपला ११ स्त्रीबीजं मिळाली, ९ पक्व होती. स्त्रीबीज बाहेर येतं तेव्हा भोवती पेशींचा ढगासारखा गोतावळा असतो. इक्सीआधी एन्झाइममध्ये बुडवून, बारीक पिपेटने आत-बाहेर करून तो सोलून काढायचा. या तपासणीसाठी अगदी शेवटची पेशीसुद्धा काढायला हवी, कारण त्या आईच्या पेशी असतात. त्या सकाळी तीन पिकअप होते. क्रमांक तीनच्या स्त्रीबीजाला एका बाजूला चार-पाच पेशी घट्ट धरून बसल्या होत्या. जास्त ओढलं तर बीज दुखावेल म्हणून मी थांबले आणि वहीत लिहिलं: "क्र. ३, थोड्या पेशी चिकटलेल्या." पुढे त्या निघाल्या का, याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी १७ तासांनी बघितलं तर ७ बीजं फळली होती. चौथ्या दिवशी आणखी एक अडचण आली. टाइम-लॅप्सच्या आमच्या डिशमध्ये सगळी भ्रूणं एकाच द्रवाखाली वेगवेगळ्या खळग्यांत असतात. थेंब तपासायचा तर प्रत्येक भ्रूण धुऊन स्वतःच्या ताज्या थेंबात हलवावं लागतं. म्हणजे तिथून पुढची फिल्म संपली. न हात लावता बघण्याच्या दोन पद्धती एकमेकींच्या आड येतात, हे कागदावर वाचताना लक्षात येत नाही. मी भ्रूणं हलवली, शेजारी एक रिकामा थेंबही ठेवला, ज्यात भ्रूण नाही. मीडियातच काही मिसळलंय का, ते त्यावरून कळतं.

क्रमांक दोनचं भ्रूण पाचव्या दिवशी सकाळीच ४एए झालं होतं. एरवी मी ते त्याच वेळी फ्रीझ केलं असतं. पण थेंबात पुरेसा डीएनए उतरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून सहाव्या दिवसापर्यंत थांबले. तयार झालेलं भ्रूण नुसतं अहवालासाठी इनक्युबेटरमध्ये ठेवायचं, तो दिवस मला लांब वाटला.

शेवटी चार ब्लास्टोसिस्ट फ्रीझ झाली. क्रमांक दोन ४एए. क्रमांक तीन ४बीबी. क्रमांक सहा ३बीबी, पण फिल्ममध्ये पहिल्याच विभाजनात एकाच्या एकदम तीन पेशी झालेल्या. क्रमांक सात ४बीसी.

अहवाल

अहवाल आला तो असा. दोन: असामान्य, २२ व्या गुणसूत्राची एक प्रत कमी. तीन: सामान्य. सहा: सामान्य. सात: डीएनए अपुरा, निकाल नाही. रिकामा थेंब स्वच्छ.

अश्विनीताईंनी कागद हातात घेतला आणि "असामान्य" या शब्दावर बोट ठेवलं. "हेच सगळ्यात चांगलं होतं ना?" मी हो म्हटलं. प्रशांत म्हणाले, "मग ते काढून टाका. उगीच भाडं कशाला भरायचं त्याचं?"

त्या दिवशी चुकीचा निर्णय होता होता राहिला. केंद्रात कामाची गर्दी होती, फॉर्मवर सही घेऊन भ्रूण काढून टाकणं नियमात बसत होतं. वरिष्ठ डॉक्टरांनी तेवढं थांबवलं. "हा निकाल रांग लावायला वापरू. कुणाला रांगेतून हाकलायला नाही," एवढंच त्या म्हणाल्या. दोन नंबर नायट्रोजनमध्येच राहिलं, उणे १९६ अंशांत.

तीन आणि सहा दोन्ही "सामान्य". फिल्ममुळे सहा मागे गेलं, तीन पुढे आलं. पुढच्या महिन्यात क्रमांक तीनचं ट्रान्सफर झालं, म्हणजे ते गर्भाशयात सोडलं. पिशवीचं अस्तर छान होतं, ट्रान्सफर सोपं झालं. चौदाव्या दिवशी बीटा, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, निगेटिव्ह.

वहीतली ओळ

सामान्य भ्रूणही रुजत नाहीत, हे रोज बघतो. तरीही मी त्या रात्री या सायकलची वही परत काढली आणि क्रमांक तीनसमोरची ती ओळ दिसली.

आईच्या दोन-चार पेशी थेंबात राहिल्या, तर तपासणी आईचाच डीएनए वाचते. आईची गुणसूत्रं सामान्य, म्हणून अहवाल "सामान्य". भ्रूण कसंही असो. असा निकाल नेहमी मुलीचा दिसतो, कारण तो आईचा असतो. लिंगाचा रकाना उघडा असता तर कधीतरी शंका आली असती. आपल्याकडे तो झाकलेला असतो आणि झाकलेलाच राहायला हवा. या राज्यात तो कायदा का करावा लागला हे मी विसरणार नाही. पण म्हणूनच आईच्या डीएनएची सरमिसळ ओळखायची दुसरी सोय आपण आग्रहाने मागायला हवी. आईचं थोडं रक्त सोबत पाठवलं तर जनुकीय खुणांची तुलना करून प्रयोगशाळा ती ओळखू शकते. आम्ही रक्त पाठवलं नव्हतं. प्रयोगशाळेला चिकटलेल्या पेशींबद्दल कळवलंही नव्हतं. ती ओळ माझ्या वहीतच राहिली.

क्रमांक तीनचा निकाल खोटा होता, असं मी सिद्ध करू शकत नाही. ते भ्रूण आता नाही. पण त्या "सामान्य"वर जेवढा विश्वास ठेवला, तेवढा ठेवायला नको होता, एवढं नक्की. हे मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं आणि आम्ही दोघींनी मिळून जोडप्याला सांगितलं. अश्विनीताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." प्रशांत मात्र रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता.

दुसरा निर्णय

आता चार वाटा होत्या. सहा नंबर सोडायचं, ज्याचा अहवाल चांगला पण विभाजन वाईट. सात नंबर सोडायचं, ज्याचा अहवालच नाही. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा पिकअप. किंवा दोन नंबर वितळवून त्याची बायोप्सी करायची.

दोन नंबर तसंच सोडावं का, हाही विचार झाला. पण एका प्रतीची कमतरता खरी असेल तर तिसरा गर्भपात समोर दिसत होता, आणि तेवढी ताकद आपल्यात नाही असं अश्विनीताईंनी स्पष्ट सांगितलं. बायोप्सी करायची तर भ्रूण दोनदा वितळणार, दोनदा गोठणार. त्यात थोडं नुकसान होतंच, तेही सांगितलं. या वेळी डॉक्टरांनी आधीच विचारलं, "बायोप्सीतही तेच आलं तर?" दोघं घरी जाऊन आठ दिवसांनी परत आले. तसं आलं तर हे भ्रूण सोडायचं नाही आणि एकदा नवीन पिकअप करायचं, असं ठरवूनच आले होते.

वितळल्यावर भ्रूण चुरगळल्यासारखं आकसलेलं दिसतं. दोन नंबर तीन तासांत पुन्हा फुगलं. बाहेरचा थर दाट होता, सहा पेशी सहज निघाल्या. लगेच परत फ्रीझ केलं. आईचं रक्त या वेळी सोबत गेलं.

निकाल आला: सामान्य. २२ व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती जागेवर.

मग थेंबाने चूक सांगितली होती का? तुटपुंज्या डीएनएच्या वाचनात गडबड झाली असेल. किंवा भ्रूणाने काही बिघडलेल्या पेशी स्वतःहून बाहेर टाकल्या असतील आणि थेंबात त्यांचाच डीएनए जास्त उतरला असेल. किंवा सहा पेशी चांगल्या निघाल्या आणि इतर काही वेगळ्या असतील. तिसरी शक्यता बायोप्सीनेही पूर्ण मिटत नाही, म्हणून जेनेटिक कौन्सिलरांनी गर्भ राहिला तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी सुचवली.

परिणाम

ट्रान्सफरनंतर बीटा पॉझिटिव्ह आला. साडेसहा आठवड्यांना ठोके दिसले. आठवा आठवडा उलटेपर्यंत अश्विनीताईंनी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. गर्भजलाचा अहवाल सामान्य आला. ३८ आठवड्यांना सिझेरियन झालं, बाळाचं वजन २ किलो ७०० ग्रॅम.

आज वेगळं काय करेन

या जोडप्याला मी सुरुवातीलाच बायोप्सीकडे वळवलं असतं का? मला वाटतं, नाही. त्यांची भीती खरी होती आणि चारच भ्रूणं होती. पण दोन्ही गर्भपातांच्या वेळी निघालेला भाग तपासला गेला असता तर हा प्रवास वेगळा झाला असता. आता आमच्याकडे क्युरेटिंगच्या आधीच ते विचारलं जातं, आणि बाहेरून येणाऱ्या रुग्णांना पहिल्याच भेटीत.

थेंबाच्या तपासणीआधी आता एक वेगळं पान भरून घेतो. त्यावर एकच प्रश्न आहे: अहवाल असामान्य आला तर तुम्ही काय कराल? उत्तर लिहिल्याशिवाय नमुना जात नाही. "काढून टाकू" असं लिहिलं तर आम्ही त्या दिवशी पुढे जात नाही, पुन्हा बसतो. थेंबाच्या निकालावर एकही भ्रूण काढून टाकायचं नाही, हे आता लेखी आहे.

सोलताना पेशी राहिल्या तर त्या भ्रूणाच्या नावापुढे लाल खूण होते आणि ती प्रयोगशाळेच्या फॉर्मवरही जाते. आईचं रक्त प्रत्येक वेळी. आणि अहवाल हातात देताना मी स्वतः बसते, कारण "असामान्य" हा शब्द वाचल्यावर माणूस पुढची ओळ वाचत नाही.

फ्रीझिंगच्या नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन मागच्या महिन्यात अश्विनीताई आल्या होत्या. कायद्याने भ्रूणं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. सहा आणि सात अजून टाकीत आहेत. बाळ मांडीवर होतं, माझ्या टेबलावरचं पेन ओढत होतं. "सहा नंबरचं काय वाटतं तुम्हाला, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी फिल्म उघडली, ती एकाच्या तीन होण्याची जागा दाखवली, आणि थेंबाचा अहवाल चांगला असला तरी त्यावर किती भार टाकता येईल ते सांगितलं. त्यांनी दोन्ही स्ट्रॉ, म्हणजे ज्यात ती भ्रूणं गोठवली आहेत त्या बारीक नळ्या, ठेवायच्या म्हणून सही केली.